फडक्यात बांधलेली घंटा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आयुष्यभर शाळेत सायन्स शिकवलं, आता काय ठेवणार... पण रिया, ईशान, ‘मेधाआत्या फोनवर धड बोलत का नाही?’ असं तुम्ही विचारता. म्हणून घडलं तसं लिहिते.

अर्धांगवायूनं आजोबांची वाचा गेली, तेव्हा हाक मारायला म्हणून देवघरातली पितळी घंटा मी त्यांच्या उशाशी ठेवली. ते दोनदा वाजवायचे, जरा थांबून एकदा. मेधा ऑफिसचा कॉल अर्धवट टाकून धावायची. वर्षानुवर्षं, दिवसरात्र.

आजोबा गेल्यावर ती निवांत झोपेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. सकाळी तिला चहाचा कप उचलवेना. घंटा मी देवघरात परत नेली; पूजेत वाजवली, तर मेधा धडपडत उठून त्यांच्या रिकाम्या खोलीत पोचली.

डॉक्टरांनी नीट समजावलं. “मूत्रपिंडांवर दोन छोट्या ग्रंथी असतात, अ‍ॅड्रिनल. संकट आलं की त्या शरीराला धावायला सज्ज करतात. यांच्या ग्रंथी ठीक आहेत, रिपोर्ट नॉर्मल. पण इतक्या वर्षांच्या ताणानं शरीर अजून पहाऱ्यावरच आहे. थकवा खरा आहे. विश्रांती द्या, वेळ लागेल.”

घरी येऊन मी तेच तिला पुन्हा सांगू लागले.

“आई, ग्रंथींचा क्लास काढ तू,” ती डोळे मिटूनच म्हणाली. “कोथरूडमध्ये तेवढाच राहिलाय.”

त्याच दिवशी मी घंटेचा लोलक फडक्यानं घट्ट बांधला आणि ती कपाटात कुलूपबंद केली. पूजा बिनघंटेची सुरू झाली.

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, मी मंडईतून आणलेली मेथी निवडत होते. मेधा शेजारी पडली होती. घंटा वाजली. दोनदा... जरा थांबून एकदा.

“आले, बाबा,” म्हणत ती उठली. मी तिचा हात धरला. मनगटातली नाडी नुसती धावत होती.

“तुलाही ऐकू आली ना?” तिनं विचारलं.

मला खोटं बोलता आलं नाही. कपाट उघडलं. घंटा फडक्यात, गाठ जशीच्या तशी.

तेव्हापासून ती अधूनमधून वाजते. शेजाऱ्यांना ऐकू येत नाही. घंटा दुसऱ्याकडे देऊन पाहिली, तरी वाजते. दोघींना एकच भास कसा होतो, याला डॉक्टरांकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही.

काल मेधाला कधी नव्हे ती गाढ झोप लागली होती, आणि घंटा वाजली. मी पाय न वाजवता आजोबांच्या खोलीत गेले. रिकाम्या पलंगापाशी उभी राहून हळूच म्हणाले, “अहो, झोपू द्या ना तिला.”

मागे वळले, तर दारात मेधा उभी होती. धापा टाकत, हातात पाण्याचा पेला.