पुलापलीकडची दोन तिकिटं

आधी तिकीट काढून मग रस्त्याचा विचार करणारं माणूस मी सिस्टरबाईंखेरीज दुसरं पाहिलं नाही. चंद्रपूरला नाटक येणार अशी जाहिरात दिसली की त्याच दिवशी दोन तिकिटं निघायची. एक त्यांचं, एक माझं. आणि आम्ही राहायचो कुठे, तर भामरागडकडे, पर्लकोटा नदीच्या पलीकडे. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेलं की गाड्या बंद. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. चंद्रपूर एरवीच सहा तासांवर, मग तर ते दुसऱ्या मुलखातलं वाटायचं.

मी आश्रमशाळेत शिक्षिका म्हणून गेले तेव्हा पंचविशीत होते. सिस्टरबाई पन्नाशीच्या, उपकेंद्रातल्या नर्स, माझ्या खोलीला लागून त्यांची खोली. मूळच्या मूल गावाकडच्या. लग्न केलेलं नव्हतं. चंद्रपूरला धाकटा भाऊ होता, तो नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन तिकिटं आणायचा. पुढे शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ रेंज यायला लागली, तेव्हा बाई तिथे उभ्या राहून फोनवर स्वतःच खुर्च्या निवडू लागल्या. नेहमी कडेच्या.

माझा स्वभाव उलटा. मी आधी आभाळ पाहणार, मग रजा, मग गाडी.

"सिस्टर, पूल बुडाला तर?" मी विचारायची.

"बुडन तं बुडन. तू काऊन आत्तापासून बुडून राह्यली?"

एकदा मात्र त्यांनी नीट समजावून सांगितलं. तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "तिकीट नाई काढलं अन् पूर आला, तं माणूस काय म्हणते? बरं झालं, नाई काढलं. मले ते बरं झालं आवडत नाई, मॅडम. त्याच्यापरीस हळहळ बरी. हळहळ झाली म्हणजे जायाचं होतं आपल्याले."

पहिल्याच वर्षी हळहळ वाट्याला आली. पहाटे पिशव्या घेऊन नदीवर गेलो, तर पुलाचा पत्ता नाही. लाल पाणी, त्यातून अख्खी झाडं वाहत चाललेली. दोन्ही काठांवर माणसं उभी. पाणी उतरेल या आशेवर आम्ही दुपारपर्यंत थांबलो. मी वैतागले होते. बाईंनी तोवर काठावरच दोघांच्या जखमा बांधल्या, एका म्हाताऱ्याला तापाची गोळी दिली. मग आम्ही परत आलो. संध्याकाळी बाई वऱ्हांड्यात बसल्या होत्या. घड्याळ पाहून म्हणाल्या, "तिसरी घंटा झाली असन आता." आणि खरंच थोडा वेळ गप्प बसल्या, नाट्यगृहात अंधार झाल्यावर लोक बसतात तशा.

दुसऱ्या वर्षी पूल मोकळा होता, गाडीही आली होती. बाईंनी नवी साडी नेसली होती. तेवढ्यात चार माणसं खाटेवरून एका बाईला घेऊन आली. पहिलटकरीण, रात्रभर कळा देत होती. सिस्टरबाईंनी पिशवी माझ्या हातात दिली.

"तू निघ."

"एकटी? मी नाही जात."

"जाजो म्हणतो ना मी! सगळं नीट पाहून येजो. मले सांगाचं आहे तुले."

मी गेले. नाटकभर शेजारची खुर्ची रिकामी होती. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, "इथे कुणी आहे का?" मी म्हटलं, "येणार आहेत." मध्यंतरानंतर त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही तेच सांगितलं.

परतले तेव्हा बाळ-बाळंतीण सुखरूप होती. बाई दोन रात्री झोपल्या नव्हत्या, तरी मला समोर बसवून पूर्ण नाटक सांगायला लावलं. मी आपली गोष्ट सांगत सुटले. त्यांनी थांबवलं. "पडदा कोणत्या रंगाचा होता ते नाई सांगतलं तू."

मग एकदा एकदाचं दोघींचं जाणं झालं, पण आलापल्लीच्या जंगलात रस्त्यावर भलं मोठं झाड आडवं. ते तोडून बाजूला करेपर्यंत चार तास गेले. नाट्यगृहात शिरलो तेव्हा मध्यंतर चाललं होतं. दुसरा अंक तेवढा पाहिला. त्यात एक थोरली बहीण बऱ्याच वर्षांनी माहेरी येते, भावाशी धड बोलत नाही, आणि शेवटी न सांगता निघून जाते. ती अशी का वागते ते पहिल्या अंकात असणार, आणि तो तर आमचा हुकला होता.

बाईंनी तो येताना गाडीत रचला. पुढच्या लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्राच्या वऱ्हांड्यात मुलांना घेऊन आलेल्या बायांना, मधे मधे त्यांच्या माडिया बोलीतले शब्द घालत, दोन्ही अंक सांगितले. त्यांच्या अंकात थोरलीचं लग्न ठरलेलं असतं. ऐन हळदीच्या दिवशी धाकट्या भावाला ताप चढतो. घरात दुसरं कुणी नसतं. ती महिनाभर त्याच्या उशाशी बसते आणि वरपक्ष दुसरीकडे सोयरीक करतो. बाया डोळे पुसत ऐकत होत्या. पुढे मी ते नाटक पूर्ण पाहिलं. खऱ्या पहिल्या अंकात यातलं काहीच नव्हतं, नुसती भांडणं होती. बाईंचा अंक आणि हा खरा, दोन्ही मी बाईंच्या भावाला हसत हसत सांगितले, तेव्हा तो जेवता जेवता थांबला. म्हणाला, "तो ताप मलेच आलता." मी बाईंजवळ तो विषय कधी काढला नाही.

बाई निवृत्त होऊन भावाकडे राहायला गेल्या. आता नाट्यगृह त्यांच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. मी मात्र अजून नदीच्या पलीकडेच. दोन वर्षांपूर्वी श्रावणात त्यांचा फोन आला.

"मॅडम, मोठं नाटक येऊन राह्यलं. दोन काढू ना?"

बातम्यांत जोरदार पावसाचा इशारा होता. मी म्हटलं, "थांबा सिस्टर, दोन दिवस पाणी पाहू. मग सांगते."

"बरं," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत माझं म्हणणं त्यांनी पहिल्यांदाच मुकाट्याने ऐकलं. वय झालं होतं, की मी उशिरा पोचले तर रात्री न्यायला कोण येणार याचा विचार होता, मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

पाऊस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मी टाकीजवळ जाऊन फोन लावला. तिकिटं संपली होती.

"निदान तुमचं तरी काढायचं ना!"

"एकटीनं काय पाहाचं?" त्या म्हणाल्या.

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी मी उगाच पुलावर जाऊन उभी राहिले. ऊन होतं. पाणी पुलाच्या खूप खाली, तळचे दगड दिसत होते. कठड्याशी थोडी रेंज मिळाली म्हणून फोन केला.

"पाणी किती आहे वं?" त्यांनी विचारलं.

खोटं बोलावंसं वाटलं. पण बोलले नाही. "काहीच नाही, सिस्टर."

मग म्हणाल्या, "मंग येऊन जाजो ना एकदा. नाटक नसलं तरी. गोष्टी करू."

"दिवाळीच्या सुटीत नक्की येते," मी म्हटलं.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी त्यांच्या भावाचा फोन आला. बाई सकाळी चहा पिता पिता गेल्या होत्या.

मी मिळेल त्या गाडीने निघाले. आलापल्ली, आष्टी, गोंडपिपरी, कुठेही थांबावं लागलं नाही. दुपारी त्यांच्या घरी पोचले. दारातच त्यांच्या भावजयीने माझ्या हातातली पिशवी घेतली, पाण्याचा पेला दिला आणि विचारलं, "रस्त्यात तरास नाई झाला ना, मॅडम?"

मी म्हटलं, "नाही. रस्ता मोकळा होता."