पाटावरचा सदरा

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी मस्कतला गेलो. निघायच्या दिवशी आईनं माझ्या अंगातला सदरा उतरवून घेतला. निळ्या रेघांचा, लाखांदूरच्या टेलरनं शिवलेला, खांद्यात जरा ढगळ. मी म्हटलं, धुऊन तरी ठेव. ती नको म्हणाली. आमच्याकडे घरधनी परगावी असला आणि जोडीनं पूजेला बसायची वेळ आली, की बायकोशेजारच्या पाटावर त्याचं वापरातलं एखादं वस्त्र ठेवतात आणि त्यावर सुपारी. माणूस नसला तरी त्याची जागा रिकामी राहू नये. पण हे चार-आठ दिवसांसाठी गेलेल्या माणसाचं झालं. मी साता समुद्रापार चाललो होतो.

"तुले यायले वर्स लागतीन," आई म्हणाली. "तवरी पाट रिकामा कसा ठेवू?"

मी हसलो. आयटीआय केलेला फिटर होतो मी, असल्या गोष्टींना हसणं तेव्हा मला शोभतं असं वाटायचं. मुलगी पाळण्यात होती. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघालो.

तिकडे समुद्राचं पाणी गोडं करायचा कारखाना होता. मी पंपांवर होतो. आमच्याकडे गावागणिक तलाव. पाणी कारखान्यात तयार होतं ही गोष्टच मला थट्टेची वाटायची. त्या पाण्याला चवच नव्हती. प्यायलो की नाही याची घशाला खबर नसे. मेसमधल्या भाताचा दाणा दाण्याला ओळख देत नव्हता. पण माणूस कशालाही रुळतो. शुक्रवारची सुट्टी अंगवळणी पडली, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं हेही पडलं. घरी लिहायचो, मी मजेत आहे. खोटं नव्हतं ते.

एक गोष्ट मात्र अंगवळणी पडेना. शुक्रवारी मी कपडे धुवायला बसे, तर बादलीतलं पाणी ओतलं तसंच नितळ राही. सदऱ्याची कॉलर घासायला घ्यावी, तर ती कोरी. दिवसभर पंपाशी भट्टीसारख्या उन्हात उभा राहणारा माणूस मी, आणि माझ्या कपड्यांना मळ नाही. खोलीत माझ्यासोबत आमच्याच भागातला, बपेऱ्याकडचा एक वेल्डर राहायचा. त्याच्या कॉलरीवर घामाची काळी कड असायची, चारचौघांसारखी. त्याला माझी कॉलर दाखवली तर म्हणाला, "देवानं फुकटचा धोबी देला, अन् तू तोंड पाडून बसून राहिला." मीही हसलो. मग पुढे पुढे मी कॉलर बघायचंच टाळायला लागलो.

तो वेल्डर सुट्टीवर गावी जाऊन आला, तेव्हा माझ्या धाकट्या भावानं भरलेली एक कॅसेट घेऊन आला. आई बोलली, भाऊ धानाबद्दल बोलला, मुलगी काहीतरी बोबडं बोलली. नंतर टेप बंद करायचा राहिला असावा. कोंबड्यांचा आवाज, भांड्यांचा आवाज. आणि मग माझी बायको, अगदी हळू: "बसा. पाणी आणते."

तांब्या जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. उत्तर कुणाचंच आलं नाही.

तो आवाज ती फक्त माझ्याशी बोलताना काढायची. मी कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकली. माझ्या मनात पाप आलं, हे सरळच सांगतो. घरात भाऊ, आई. त्यांना ती "बसा" कशाला म्हणेल? पत्रात विचारायची सोय नव्हती, पत्रं भाऊच वाचून दाखवायचा. मग मी एकच ध्यास घेतला, बायको-मुलीला इकडे आणायचं. साहेबाच्या मागे लागून दोघींची कागदं करून घेतली, एक वेगळी खोली मिळवली आणि त्यांना न्यायला सुट्टीवर आलो.

घरी सगळ्यांना आनंद झाला. मला ओसरीवर बाजेवर बसवलं, वर नवी चादर टाकली. चहा कपबशीत आला. आमच्या घरात कपबशी पाहुण्यांसाठी निघायची. मुलगी दाराआडून बघत राहिली.

मधल्या घरात खुंटीवर तो सदरा होता. कॉलरीवर घामाची जाड कड, बाह्यांवर वाळलेला चिखल. भावाला विचारलं, हा कोण घालतो? तो म्हणाला, कोणीच नाही. धानाच्या रोवण्यात रोपांची पहिली पेंडी घरधन्याच्या हातची लागते म्हणून आईनं सदरा शेतात बांधीवर न्यायला लावला होता, कडेच्या धुऱ्यावर ठेवला, त्याचा तो चिखल. आणि कॉलर? त्यानं मान खाजवली.

"ते मले नाही सांगता येत, दादा. वैनी दर बजाराच्या दिवशी धुते. तरी मळते."

दिवेलागणीला बायको तांब्या घेऊन मधल्या घरात गेली. खुंटीखाली पाट होता. तिनं तांब्या पाटाजवळ ठेवला आणि त्याच हळू आवाजात म्हणाली, "बसा."

कुणी परका पुरुष नव्हता, याचं मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. परका असता तर भांडता तरी आलं असतं.

तिला कागदं दाखवली, तिकडची खोली सांगितली, नळाला चोवीस तास पाणी असतं तेही सांगितलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग मधल्या घराकडे पाहून म्हणाली, "अन् ह्यायले एकटं टाकून कशी येऊ?"

तिला वेड लागलं नव्हतं. घरात म्हातारा सासरा असता तर त्याच्याबद्दल ती असंच बोलली असती. मी चिडलो. म्हटलं, मी इथं तुझ्यासमोर बसलो आहे, आणखी कुठला नवरा पाहिजे तुला?

"तुमी जाता," ती म्हणाली. "हे राहतेत."

मी कागदं गोळा करून बॅगेच्या तळाशी ठेवली.

सुट्टी संपत आली तेव्हा एका दुपारी मी खुंटीवरचा सदरा काढून अंगात घातला. पाठीवर तो ओलसर होता, नुकताच कुणी काढून ठेवावा तसा. आणि खांद्यात ढगळ असलेला तो सदरा आता माझ्या अंगाला नेमका बसला. मी अंगणात येऊन बसलो. आई तांदूळ निवडत होती; तिला कमी दिसायचं. मान वर न करता म्हणाली, "आला का बांधीतून? पाय धू आंधी." आल्यापासून ती माझ्याशी अशी बोलली नव्हती, 'घे ना, अजून घे' असंच चाललं होतं. आणि मुलगी दाराआडून धावत आली, सदऱ्याचं टोक धरून माझ्या मांडीवर चढली. मी रडलो. इतका आनंद मला त्यानंतर कधी झालेला नाही, आणि इतकी भीतीही कधी वाटलेली नाही.

बायको विहिरीवरून आली. डोक्यावरची पाण्याची गुंडी उतरवून म्हणाली, "तो काढून ठेवा. त्यायले लागते."

मी काढला. मुलगी मांडीवरून उतरली आणि सदऱ्यामागे आत गेली.

निघायच्या दिवशी दोघींची कागदं माझ्या बॅगेच्या तळाशीच होती. भाऊ एसटीपर्यंत पोचवायला येणार होता. आईनं हातावर दही ठेवलं. बायको रडली नाही; तिचं कोणी चाललंच नव्हतं. मी मधल्या घरात डोकावून मुलीला म्हटलं, "येतो."

ती पाटाजवळ उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मान वर करून खुंटीकडे पाहिलं आणि सांगितलं, "बाबा, पावने चालले."