नागोरावांचं ऑर्किड कुणी मागत नाही

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या नागोराव मेश्रामांइतका सरळ माणूस अख्ख्या हडपसरमध्ये दुसरा नसेल, आणि असलाच तर तोही वैतागलेलाच असेल. मूळचे भंडाऱ्याचे, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. रोज सकाळी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे उभं राहून पंचशील म्हणणार. त्यातलं दुसरं शील म्हणजे न दिलेली वस्तू घ्यायची नाही. हे शील ते इतकं पाळतात की विरजण मागायला आल्यावर मी फ्रीजकडे बोट दाखवून "घ्या हो" म्हटलं, तरी "नाही ताई, तुम्ही हातात द्या" म्हणून दारातच उभे. मग मीही मुद्दाम कणीक मळत बसते.

तर अशा माणसाच्या घरी ते रोप आलं. मुलगा दिग्विजय सॉफ्टवेअरमध्ये. बंगलोरला ट्रेनिंगला गेला, तिथून त्यानं आणलं. वडिलांना रिकामपण खायला उठलं होतं ना. ऑर्किड म्हणे, पण फुलांसाठी नाही, पानांसाठी ठेवायचं. पान मखमलीसारखं, काळपट हिरवं, आणि त्यावर सोनेरी रेघांचं जाळं. मी बघितल्याबरोबर म्हटलं, "दुर्गाबाई, ही तर पैठणी उगवलीय तुमच्याकडे."

दुर्गाबाई म्हणजे नागोरावांची बायको, कशी आहे ते यावरून कळेल. म्हणाली, "नेसता आली असती तं माह्या कामाची. आता याच्यापायी घरात पंखा लावाची सोय नाही राहिली."

खरंच होतं ते. या रोपाला ऊन नको, वारा नको, कोरडी हवा तर नकोच, आणि पुण्यात एप्रिलमध्ये दुसरं असतं काय? नागोरावांनी कुणाकडची तरी मासे मेलेली काचेची टाकी मागून आणली. तळाशी खडे, वर नारळाचा भुसा आणि कुजलेली पानं, त्यात रोप, वरून अर्धी काच झाकलेली. सकाळी उठले की आत दव धरलंय का बघायचे आणि बोटानं भुसा चाचपायचे. दुर्गाबाई म्हणायच्या, "मी तापानं फणफणली होती, तवा इतक्यांदा कपाळाले हात नाही लावला."

सगळं सुरळीत चाललं असतं. पण रोप आलं आणि महिन्याभरात दिग्विजयला ऑनसाइट मिळालं, कंपनीनं थेट डेट्रॉइटला धाडलं. तेव्हा आमच्या सोसायटीत ऑनसाइट मिळालं की बारशासारखे पेढे वाटायचे. त्यात ही सोनेरी पानं. बी विंगमधल्या रंगरावांनी निकाल दिला की हा मनी प्लांटचाच भारीतला प्रकार आहे, डॉलरवाला. आणि मनी प्लांटचा नियम आपल्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतो. विकत घेतलेला लाभत नाही, मागितलेला लाभत नाही, चोरून आणलेलाच लाभतो.

मग काय विचारता. नागोरावांकडे एवढे पाहुणे जन्मात आले नव्हते. आलेला म्हणायचा, "काका, जरा पाणी मिळेल?" काका आत गेले की टाकीवरची काच सरकायची. पाणी घेऊन येतात तर पाहुणा खिशात हात घालून पंख्याकडे बघतोय. रंगराव तर सरळच बोलले, "उद्या दुपारी तुम्ही दोघं बाहेर जाताय का? नाही, जाणार असाल तर कडी नीट लावू नका, एवढंच."

नागोरावांना द्यायचं जिवावर आलं नव्हतं. दुखणं वेगळंच होतं. हे लोक एकेक पान ओरबाडायचे, आणि हे रोप पानापासून होत नाही. दोन-तीन पेरांचा देठ कापून ओल्या भुशात आडवा ठेवावा लागतो. ही मंडळी पान बाटलीतल्या पाण्यात खोचून उन्हात ठेवायची, ते कुजायचं, की परत आली तहान लागून.

"मी देठ कापून देतो," नागोराव हात जोडायचे. "कसा लावायचा तेही सांगतो."

"अहो नको, काका. दिल्यावर काय उपयोग त्याचा?"

उन्हाळा संपेपर्यंत टाकीत नुसता भुसा उरला. नागोरावांचं जेवण सुटलं. फवाऱ्याची बाटली घेऊन घरभर फिरायला लागले. एकदा टीव्हीवरच्या प्लास्टिकच्या फुलांवर फवारताना दिसले, तशा दुर्गाबाई माझ्याकडे आल्या. "ताई, माणूस हातचा चालला. कुठी एखादं जगलं असन तं पाहा ना."

पाहण्याचं काम मला सांगावं लागत नाही. मी कसब्यात वाढलेली, कुणाकडे काय शिजतंय ते जिन्यातच ओळखते. शोध लागला सी विंगमध्ये. हेमा म्हणून एकटी राहणारी मुलगी, टेस्टिंगमध्ये नोकरी, व्हिसाच्या मुलाखतीची वाट बघत बसलेली. तिनं घाईत पान तोडायचं सोडून अख्खा देठच उपटला होता. आणि तिचं कुणी चोरू नये म्हणून कुंडी लपवली होती बाथरूममध्ये. गीझरची वाफ, दुधी काचेचा उजेड. रोप असं माजलं होतं की बघत राहावं.

मी नागोरावांना घेऊन गेले. बाथरूमच्या दारात त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली, ती त्यांनी पुसलीसुद्धा नाही.

"बेटा, एक देठ दे मला."

हेमा रडकुंडीला आली. "काका, मी दिलं तर माझा व्हिसा जाईल हो. तुम्ही चोरा ना. मी गॅलरीत जाऊन उभी राहते."

"मी चोरत नाही."

"पण तुमचंच आहे ते."

"होतं. वाढवलं तू."

"मग मावशी चोरतील."

मी पदर खोचलासुद्धा. नागोराव म्हणाले, "ताई, ते मला चालणार नाही." आता काय करायचं? मधे बादली, अलीकडे शील, पलीकडे व्हिसा, आणि माझा कुकर गॅसवर.

तेवढ्यात नागोराव खाली वाकले. "याच्यावर शॅम्पूचे शिंतोडे उडालेत. पुसू का?"

"पुसा ना," हेमा म्हणाली.

त्यांनी ओल्या रुमालानं एकेक पान पुसलं. दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोजचंच झालं. हेमानं त्यांच्यासाठी प्लास्टिकचं स्टूल आणलं, स्वतःच्या आंघोळीची वेळ बदलली. नागोराव जेवायला लागले. पावसाळा सरता सरता हेमाला व्हिसा मिळाला, आणि रंगरावांनी सोसायटीभर 'बघा, मी म्हटलं नव्हतं' केलं.

जाताना ती किल्ली घेऊन आली. रोप नेता येत नव्हतं आणि द्यायची हिंमत नव्हती. "काका, रोप माझंच आहे हं. मी फक्त किल्ली देतेय." आणि ती त्यांच्या हातात ठेवली.

तेव्हापासून नागोराव सकाळी सी विंगमध्ये जातात, रिकाम्या फ्लॅटचा गीझर लावतात, बादलीत कढत पाणी सोडतात आणि स्टुलावर पेपर वाचत बसतात. दुर्गाबाई चहा तिकडेच पाठवतात. परवा वॉचमन पाण्याचा आवाज ऐकून वर गेला. "काका, ताई तर अमेरिकेला गेल्यात. आंघोळ कोण करतंय?"

"कुणी नाही," नागोराव म्हणाले. "दार लाव, वाफ जाते."