बोटीचं तोंड कुठल्या दिशेला?

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचतोय, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. घाटात लिफ्ट मागणारी बाई, बंद खोलीतला आवाज... वाचायचं, मित्रांना फॉरवर्ड करायचं, विसरायचं. माझा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. आयुष्याची बरीच वर्षं पाण्यावर गेली, पण पाण्यात मला पाण्याशिवाय काही दिसलेलं नाही. आताही जे सांगतोय त्यात काही 'दिसलेलं' नाहीच. म्हणून हे इथे बसेल की नाही शंका होती. बायको म्हणाली, लिहा तरी, कोणालातरी ठाऊक असेल.

मी रत्नागिरीचा, मांडवीत राहतो. वडील मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते. मी मर्चंट नेव्हीतून पुढे तेलाच्या कामात गेलो. माझी बोट काकीनाड्याच्या पुढे, बंगालच्या उपसागरात. एफपीएसओ म्हणतात तिला. जिथे पाणी इतकं खोल असतं की प्लॅटफॉर्मचे पाय रोवता येत नाहीत, तिथे अशी बोटच कायमची उभी करतात. समुद्राच्या तळातून पाइपांनी तेल वर येतं, बोटीवरच त्यातलं पाणी आणि गॅस वेगळा होतो, तेल टाक्यांत साठतं. टाक्या भरत आल्या की दुसरा टँकर येऊन ते घेऊन जातो. मी तिथे बोसन, म्हणजे डेकवरच्या माणसांचा मुकादम. महिनाभर बोटीवर, महिनाभर घरी.

एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही बोट कुठे जात नाही, पण स्थिरही नसते. तिच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, एक प्रचंड गोल खांब असतो. त्याला टरेट म्हणतात. तो साखळ्यांनी समुद्राच्या तळाशी बांधलेला. खांब हलत नाही, बोट त्याच्याभोवती फिरते. नांगरलेली होडी जशी वाऱ्याकडे तोंड करते तशीच. आज तोंड नैऋत्येला, चार दिवसांनी ईशान्येला.

तर एकदा सुट्टीवर आलो होतो. दुपारी जेवून पडवीत आडवा झालो आणि मला कळलं की बोटीचं तोंड आत्ता एसटी स्टँडच्या बाजूला, म्हणजे ईशान्येला आहे.

'कळलं' यापेक्षा चांगला शब्द मला सापडलेला नाही. दिवे गेले तरी आपल्याच घरात दार कुठे आहे ते माहीत असतं ना? तसं. जमीन हलल्यासारखं वाटणं वेगळं, ते प्रत्येक खलाशाला होतं, दोनतीन दिवसांत जातं. हे गेलं नाही. दुकानात, मासळी बाजारात, गाडी चालवताना — कुठेही असलो तरी पाठीमागे कुठेतरी ठाऊक असायचं की आत्ता ती अशी उभी आहे.

माझ्या जागी बोटीवर सेल्वम असायचा. तुतिकोरिनचा. तो चढला की मी उतरायचो आणि मी चढलो की तो, त्यामुळे आमची भेट हेलिपॅडवर हातात हात देण्यापुरती. बाकी मैत्री सगळी व्हॉट्सअ‍ॅपवर. मी त्याला सहज विचारलं, तोंड ईशान्येला आहे का रे? त्याने कंट्रोल रूममधल्या स्क्रीनचा फोटो पाठवला. ईशान्य.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पुन्हा विचारलं, पुन्हा बरोबर. मग आमचा खेळच झाला. आधी मी दिशा लिहून पाठवायची, मग त्याने जाऊन बघायचं. थोडंफार इकडेतिकडे व्हायचं, पण साफ चुकलो असं झालं नाही. सेल्वम खूश. पुढच्या सुट्टीत त्याने घरी बसून स्वतः प्रयत्न केला, तर प्रत्येक वेळी चूक.

सुप्रियाला, माझ्या बायकोला, हे सांगितलं तेव्हा तिने आधी माझा फोन काढून घेतला. ती हायस्कूलला विज्ञान शिकवते. तिचा अंदाज, मी हवामानाचं अ‍ॅप बघतो आणि मलाच ते लक्षात राहत नाही. दोन दिवस फोन तिच्या पर्समध्ये. मग मला अंगणात उभं केलं, डोळ्यांना ओढणी बांधली, चारपाच गिरक्या दिल्या आणि म्हणाली, दाखवा. मी हात वर केला. तिने स्वतःच्या फोनवरचं होकायंत्र लावून बघितलं, सेल्वमला विचारलं. मग म्हणाली, "परत एकदा."

बाबा ओट्यावरून बघत होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आयुष्यभर वाऱ्यात वावरलेल्या माणसाला वारा कळतो, त्यात नवल ते काय. पण त्या वेळी आमच्याकडे वारा समुद्रावरून येत होता आणि मी दाखवत होतो गावाच्या दिशेला. बोट देशाच्या दुसऱ्या किनाऱ्याला. तिथला वारा वेगळा, प्रवाह वेगळा. ते सुप्रियाने समजावलं. बाबा म्हणाले, "मग मला नाही ठाऊक." बाबांच्या तोंडून हे वाक्य मी क्वचितच ऐकलंय.

डॉक्टरांकडेही गेलो. कान तपासले, तोल तपासला. सगळं नॉर्मल. आणि गंमत बघा, बोटीवर गेलो की मला यातलं काही जाणवायचं नाही. तिथे दिशा हवी तर इतरांसारखं स्क्रीनवरच बघावं लागायचं.

इथवर सगळं मजेचं होतं. पुढचं तसं नाही.

नवरात्र होऊन गेलं होतं, मी घरी होतो. दुपारचं जेवण चाललं होतं, सौंदाळ्याचं सार आणि भात. सकाळपासून बोटीचं तोंड समुद्राच्या बाजूला, नैऋत्येला, शांत. आणि जेवता जेवता ती फिरली. एरवी ती सावकाश वळते, घड्याळाच्या काट्यासारखी, कधी वळली ते कळतही नाही. ही अशी फिरली की मी बसल्या जागी भिंतीला हात टेकला. सुप्रियाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बोट गरकन वळली... पार गावाकडे.

सेल्वमला मेसेज केला. उत्तर आलं की सगळं शांत आहे, समुद्र तेलासारखा सपाट, तोंड सकाळी होतं तिथेच, नैऋत्येला. मी पहिल्यांदाच चुकलो म्हणून हसण्याची खूण. आणि खाली एक ओळ — टँकर आलाय, दोर लागलाय, आता होज द्यायला माणसं मागे नेतोय.

ती ओळ वाचली आणि माझा घास तसाच राहिला. टँकर आमच्या बोटीच्या मागे एका जाडजूड दोराने बांधतात आणि मग तेलाचा होज पाइप त्याला देतात. त्या वेळी माणसं अगदी मागच्या टोकाला, दोराच्या जवळ असतात. अशात बोट एकदम फिरली तर दोरावर जो ताण येतो तो मी ओळखतो. दोर तुटला तर चाबकासारखा परत येतो. त्याच्या वाटेत कोणी असेल तर विचारायला नको.

पण सांगणार काय? मी रत्नागिरीत, ताटावर बसलेलो. बोट तर जागची हललेलीही नाही. टँकर थांबवून ठेवणं ही लहान गोष्ट नसते, आणि सेल्वम वरिष्ठांना काय सांगणार — बोसनला घरी भातावर चक्कर आली म्हणून? मी फोन हातात घेऊन बसलो. सुप्रिया म्हणाली, "चुकलात तर ते हसतील. एवढंच ना?"

मी फोन लावला. सेल्वमला म्हटलं, होज देऊ नको, माणसं दोरापासून लांब घे, थोडा वेळ तरी. तो म्हणाला, "भाई, ये मजाक है क्या?" मी म्हटलं, नाही. पलीकडे जनरेटरचा आवाज येत होता. मग त्याने फोन ठेवला.

नंतर जे झालं ते मला त्याच्याकडूनच कळलं. त्याने माणसांना मागून पुढे बोलावलं आणि कंट्रोल रूमला सांगितलं की होजची क्लॅम्प पुन्हा तपासायची आहे. ओरडा खाल्लान. टँकरवाले वैतागले. तेवढ्यात ईशान्येला आभाळ काळं झालं. त्या मोसमात तिथे वादळी झोत येतात, पण त्या दिवशी तसा अंदाज नव्हता. वारा उलट्या बाजूने आला आणि बोट फिरली. टँकरला तिच्याबरोबर फिरायला वेळच मिळाला नाही. दोर ताणला, तुटला, आणि मागच्या डेकवरची रेलिंग वाकवून गेला. जिथे माणसं उभी असणार होती, तिथलीच.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. होज जोडलेला नव्हता, त्यामुळे तेलाचा थेंब सांडला नाही. चौकशी झाली, त्यात सेल्वमच्या सावधपणाची तारीफ झाली. माझ्या फोनबद्दल त्यानेही सांगितलं नाही, मीही नाही. काय सांगायचं होतं?

सुप्रियाचं डोकं मात्र दुसऱ्याच जागी अडकलं. तोवर तिने मनाशी काहीतरी जुळवत आणलं होतं. पक्ष्यांना दिशा कळते, माशांना कळते, माणसाच्या अंगातही तसं काही उरलेलं असेल. पण पक्ष्याला आत्ताची दिशा कळते. बोट फिरायच्या आधी ती फिरलेली कशी कळली? तिथे तिचं विज्ञान थांबलं आणि माझं तर कधी सुरूच झालं नव्हतं.

सेल्वमने खेळ बंद केला. बाकी सगळं बोलतो, पोरांचे फोटो पाठवतो, पण दिशेचं विचारलं की उत्तर देत नाही. मीही मग विचारणं सोडलं. त्यानंतर बोट फिरायच्या आधी कळलं असं कधी झालं नाही. आत्ता कुठे तोंड आहे ते मात्र कळतच राहिलं.

गेल्या उन्हाळ्यात तिथलं तेल काढण्याचं काम संपलं. बोट सोडवून दुसरीकडे न्यायची ठरली. मी घरी होतो. कुठल्या दिवशी सोडणार ते मला कळवलेलं नव्हतं. सकाळी बाबांना घेऊन मांडवीच्या जेट्टीवर गेलो होतो. ते कोणाशी तरी बोलत होते, मी नुसता उभा. आणि ते थांबलं. सतत चालणारा पंखा बंद पडल्यावर जशी एकदम शांतता जाणवते, तसं. मी खाली कठड्यावर बसलो. बाबांनी विचारलं, "रे, बरा आहेस ना?" मी मान हलवली.

सेल्वमला फोन केला. या वेळी त्याने उत्तर दिलं. म्हणाला, हो, सकाळीच शेवटची साखळी सोडली. मी विचारलं, म्हणजे बोट निघाली? तो म्हणाला, नाही. ओढून न्यायला टगबोटी लावल्यात, पण अजून जागची हललेली नाही. तिथेच उभी आहे, तोंड होतं त्याच दिशेला.

मी तेव्हापासून यावरच विचार करतोय. बोट तिथेच, दिशा तीच. सुटल्या होत्या फक्त साखळ्या. मग इतके दिवस मला कळत होतं ते नक्की कोणाकडून? बोटीकडून, की ज्या तळाला ती बांधलेली होती त्याच्याकडून? मी तिथे वर्षानुवर्षं काढली, पण तो तळ कधी पाहिलेला नाही. कोणीच पाहिलेला नाही, यंत्रांच्या कॅमेऱ्यांशिवाय.

पुढच्या महिन्यात दुसऱ्या एफपीएसओवर रुजू होतोय. तीही साखळ्यांनीच बांधलेली आहे, पाणी याहून खोल. सुप्रिया म्हणते, पहिल्या सुट्टीला घरी आलात की चहाच्या आधी आम्हाला दिशा सांगा. ती हसत म्हणाली. मला मात्र ते कळावं असं वाटतंय की कळू नये असं, हेच अजून ठरवता आलेलं नाही.