रांगोळीतली वाट

माझ्या सासूबाई मुक्ताबाई, घणसोली गावातल्या. चाळीस वर्षं ओहोटीला खाडीत उतरून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरल्या, त्यावरच चार पोरं वाढवली. स्वभाव म्हणाल तर खमक्या. माझी तर लग्नानंतर वर्षभर रोज हजेरी घ्यायच्या.

मागच्या वर्षी एका संस्थेच्या प्राची मॅडम वाशीहून आल्या. शाश्वत विकासाचं जागतिक धोरण ठरतंय म्हणे, त्यात बायकांचा सहभाग पाहिजे. "मावशी, खाडी तुमच्याइतकी कोणाला माहितीये? तुम्हीच दाखवा." समाजमंदिराच्या फरशीवर बायकांनी रांगोळीने खाडीचा नकाशा काढायचा, असा प्रोग्राम. आईंना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं हो. हरखून गेल्या बिचाऱ्या.

आता आमच्या तिवरांच्या झाडीतल्या चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो. पण आतून एक घट्ट वाट जाते. ती फक्त चिंबोऱ्या धरणाऱ्या बायकांना ठाऊक. सासूने सुनेला हात धरून चालवायची, घरच्या पुरुषांनासुद्धा दाखवायची नाही, हा आमचा रिवाज. त्या दिवशी आईंनी ती वाट रांगोळीने काढली, वळणा-वळणासकट. बाकीच्या बायकांनी हातातली रांगोळी खाली ठेवली. मी हात धरला तर माझ्यावरच डाफरल्या, "गप बस. त्या खाडी वाचवाला आयल्यान."

मॅडमनी खुर्चीवर चढून फोटो काढले. आजही ती खुर्ची आठवली की माझं डोकं फिरतं.

परवा ओहोटीला आम्ही दोघी उतरलो, तर वाटेवर बांबू ठोकलेले. दर वीस पावलांवर एक, वर फडकं बांधलेलं. वळणं तीच. पुढे दोन माणसं मोजणीचं यंत्र लावून उभी.

"इथून भराव टाकून रस्ता जाणार," एकजण म्हणाला. "इथलीच जमीन भार धरते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

त्याने छापील अहवाल उघडून दाखवला. पानभर आमची रांगोळी.

"काय लिवलाय?" आईंनी विचारलं.

मी वाचलं. "महिलांच्या सहभागातून तयार झालेला नकाशा. मार्गदर्शन, मुक्ताबाई."

"आन बाकीच्यांची नावा?"

"नाहीत आई. तुमचं एकटीचंच आहे."

तेवढ्यात मागून बायका टोपल्या घेऊन येताना दिसल्या. पहिलाच बांबू बघून त्या थांबल्या.

"मुक्ते, ह्यो कोनी ठोकला?" एकीने हाक मारून विचारलं.

मी त्या माणसांकडे बोट दाखवणार, तोच आईंनी माझा हात खाली केला.

"मीच ठोकला," त्या म्हणाल्या.