इलियासभाईंचा शिकंजा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात की माझा धागा तुटतो, आणि हा किस्सा मला एकदाच सांगायचाय. तोही मंजिरी शेजारी गेलीय म्हणून. ती सांगते तेव्हा माझी उरलीसुरली अब्रूही राहत नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी इंजिनिअर. कंपनीनं नोएडाला नवीन प्लांट काढला आणि आम्ही पुण्याहून बोजाबिस्तरा उचलला. नोएडा तेव्हा कसं होतं? आधी सेक्टरला नंबर मिळायचा, मग रस्ता यायचा, आणि वीज तिच्या सवडीनं. आमच्या सोसायटीत निम्मे फ्लॅट रिकामे आणि उरलेल्या निम्म्यांत सुतार. दिवसभर ठाकठूक, करकर.

माझ्या बायकोनं, मंजिरीनं, पुण्यात अकरा वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. माझ्या बदलीपायी ती नोकरी सोडून आली. त्यावर एक अक्षर बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं हो! नुसती खिडकीत उभी राहून समोरच्या इमारतीचे मजले मोजायची.

एके दिवशी तिनं आपणहून सोसायटीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. पाचवी ते सातवी, गणिताची ट्यूशन. उन्हाळ्याच्या सुट्ट्या होत्या आणि पोरांनी आयांना जेरीस आणलं होतं, त्यामुळे दोन दिवसांत सहा नावं आली. पहिला वर्ग रविवारी, संध्याकाळी पाच वाजता. किती दिवसांनी ती स्वयंपाक करताना गुणगुणली!

आता सहा पोरं बसणार, तर लिहायला काहीतरी हवं ना? सतरंजीवर मांडी घालून बसता येईल असं एक लांबलचक बैठं टेबल.

"खाली सूदांच्या फ्लॅटमध्ये इलियास मिस्त्री काम करतायत," मंजिरी म्हणाली. "त्यांना सांगू या. एका दिवसात करून देतील."

झालं! माझ्यातला इंजिनिअर दुखावला.

"चार फळ्या जोडायला सुतार? प्लांटला शटडाऊन आहे, मी घरीच आहे. रविवारपर्यंत टेबल तयार."

"नक्की?"

"बिल्कुल!"

गुरुवारी सकाळी फळ्या आणल्या, कापूनच आणल्या. नवंकोरं ड्रिल मशीन होतं, पेचांची पुडी होती. जिन्याच्या मोकळ्या जागेत पसारा मांडला. बाहेर लू सुटलेली, उत्तरेकडचा तो भाजून काढणारा वारा. तोंडावर कुणी तंदूर उघडून धरावा, तशी.

पहिला पाय उभा केला, त्याला आडवी पट्टी लावली, डाव्या गुडघ्यानं दाबून धरली आणि पेच पिळला. पेच आत गेला. पण पट्टी आणि पायाच्या मधे फट! पोस्टकार्ड सहज सरकेल एवढी. आणखी पिळला. फट तशीच. पेच काढला, पुन्हा घातला. आता फट तिरकी.

एवढ्यात खालून इलियासभाई वर आले. साठीचा माणूस, सहारनपूरचा, दाढीत भुसा, कानावर पेन्सिल. ते थोडा वेळ माझ्या गुडघ्याकडे बघत राहिले.

"साहब, शिकंजा है?"

इथे एक सांगायला हवं. दिल्लीकडे लिंबू सरबताला शिकंजी म्हणतात. काळं मीठ, भाजलेलं जिरं घातलेलं. हा शब्द मी नुकताच ऑफिसच्या कँटीनमध्ये शिकलो होतो आणि तो वापरायची संधी शोधत होतो.

म्हटलं, बिचारा उन्हात काम करतोय, तहान लागली असणार. आणि काय मोकळा माणूस! मागून घेतो!

"है ना! घर में हमेशा रहता है."

"फिर लगाइए ना, साहब."

लगाइए! दिल्लीत जेवण वाढा म्हणायचं असेल तर 'खाना लगाओ' म्हणतात, हेही मला ठाऊक होतं. मी आत ओरडलो, "मंजिरी, इलियासभाईंना शिकंजी हवीय!" आणि ऐटीत त्यांना म्हणालो, "अभी दो मिनट में. हमारी मिसेज़ बनाती हैं."

इलियासभाईंच्या भुवया वर गेल्या. "मैडम बनाती हैं? शिकंजा?"

"हाँ, हाँ. पुणे में सबकी मिसेज़ बनाती हैं."

ग्लास आला. त्यांनी ग्लासाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, निमूटपणे प्यायले. "बहुत बढ़िया," म्हणाले. मग जाता जाता जिन्यातून वळून, "पर साहब, बिना शिकंजे के पेच मत कसना. जोड़ खुल जाएगा."

मी विचारात पडलो. काय म्हणाला हा माणूस? शिकंजी न पिता पेच पिळू नको?

पण नीट विचार करा, यात तथ्य नाही का? बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. घामानं अंगातलं मीठ जातं. मीठ गेलं की हात थरथरतो, आणि हात थरथरला की पेच तिरका. चाळीस वर्षांचा अनुभव बोलत होता! मी मंजिरीला म्हटलं, "मलाही एक दे."

"असं खरंच म्हणाले ते?"

"शब्दशः."

प्यायलो, पेच पिळला. फट होतीच, पण मला ती जराशी कमी वाटली. लिंबू सरबतावर माणसाची श्रद्धा बसली की काहीही दिसतं.

शुक्रवारी इलियासभाई परत आले. सांध्यावरून नुसती नखं फिरवली.

"साहब, शिकंजा लगाया था?"

"लगाया ना! हर पेच से पहले."

"ढीला लगाया होगा. कस के लगाइए. और एक से नहीं होगा, दो चाहिए. बड़े वाले."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे 'शिकंजी' म्हणतच नाहीत, 'शिकंजा' म्हणतात. आणि मराठी माणसाला यात अवघड ते काय? टोपली लहान, टोपला मोठा. हंडी लहान, हंडा मोठा. तशी शिकंजी लहान आणि शिकंजा मोठा! म्हणजे लस्सीच्या उंच ग्लासातला. कडक, आणि दोन. आतून दोन मोठे ग्लास मागवले, एक त्यांना, एक मला.

इलियासभाईंनी ग्लास हातात धरला. बराच वेळ धरला. काहीतरी बोलणार होते, पण खालून दुपारचं ऊन जिन्यात चढून आलं होतं. ते प्यायले.

"साहब," मिशी पुसत शेवटी म्हणाले, "लकड़ी पे निशान पड़ने का डर हो तो नीचे गत्ता रख लेना."

बघा! किती बारकाई! ओला ग्लास लाकडावर ठेवला की गोल डाग पडतो, म्हणून खाली पुठ्ठा. मी बुटांचं खोकं कापून दोन चौकोन केले आणि त्यांवर ग्लास ठेवले.

शनिवारी तर कहरच झाला. सकाळी इलियासभाईंच्या हाताखालचे दोघे कारागीर वर आले. "साहब, शिकंजा मिलेगा?" दिला. दुपारी पॉलिशवाला आला. "सुना है आपके यहाँ शिकंजा..." त्यालाही दिला. संध्याकाळी एक गवंडी आला, जो सुतारच नव्हता! मंजिरीनं तीन डझन लिंबं पिळली. तिच्या बोटांची आग होत होती.

"अहो, हे टेबल होतंय की पाणपोई?"

"दिल्लीतली कामाची पद्धत आहे, मंजिरी. आपल्याला नवीन आहे, एवढंच."

मी स्वतः त्या दिवशी अकरा ग्लास प्यायलो. पण टेबल उभं राहिलं! फटींत पुट्टी भरली, घासली, वरून मंजिरीची जयपुरी चादर घातली. लांबून बघाल तर शोरूममधलं.

रविवारी पाचला सहा पोरं आली. सूदांचा बंटी त्यांच्यात वजनदार. तिघांच्या आयाही आल्या, मॅडम कशा आहेत ते बघायला. मंजिरीनं कडक इस्त्रीची सुती साडी नेसली होती, अगदी शाळेत नेसायची तशी. मी स्वयंपाकघराच्या दारात, टेबलाच्या कौतुकाची वाट बघत.

मंजिरी म्हणाली, "चलो, कॉपी खोलो."

बंटीनं वही उघडली आणि दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली.

आधी कुईं असा आवाज आला. मग पुट्टीचा तुकडा टपकन पडला. आणि मग टेबलाचे पुढचे दोन्ही पाय, अगदी सावकाश, लाज वाटल्यासारखे, बाहेर फाकत गेले. सहा वह्या, सहा कंपासपेट्या आणि पाण्याची एक बाटली घसरगुंडीवरून सतरंजीवर.

"मैम," बंटी म्हणाला, "टेबल बैठ गया."

मी मंजिरीकडे पाहिलं. अकरा वर्षांची नोकरी सोडली त्या दिवशीही तिचा चेहरा असा झाला नव्हता. खोटं नाही सांगत, जमीन दुभंगली असती तर मी रांगेत पहिला असतो.

मग तिनं पदर खोचला.

"कोई नहीं उठेगा. चाँदा निकालो. ये टाँग ज़मीन से कितने अंश पर है?"

पोरं कोनमापक घेऊन टेबलाभोवती पालथी पडली. कुणी म्हणालं पंचावन्न, कुणी दुसऱ्या बाजूनं मोजून म्हणालं एकशे पंचवीस. भांडणं लागली.

"दोनों सही हैं," मंजिरी म्हणाली. "अब बताओ, क्यों?"

सहाही डोकी एकदम विचारात. शेवटी एक मुलगी ओरडली, "मैम, दोनों मिलाके एक सौ अस्सी!" तासभर त्या मोडक्या टेबलाचा एकेक कोन मोजला पोरांनी. दारातल्या आया एकमेकींना कुजबुजत होत्या, "देखा? प्रैक्टिकल करवाती हैं!" एकीनं तर मला विचारलं, "भाईसाहब, ये टेबल स्पेशल बनवाया है?"

मी मान हलवली. होकार की नकार, ते त्यांनी ठरवावं.

पोरं गेली. सूदांना काम उरकायची घाई, म्हणून रविवारीही खाली काम चालू होतं. कंपासपेट्या पडल्याचा आवाज ऐकून इलियासभाई तोवर वर आलेच होते, पण वर्ग चालू बघून बाहेर थांबले होते. आत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत इंग्रजी सी अक्षरासारखी एकेक लोखंडी वस्तू होती, खाली पिळायचा दांडा असलेली.

"मैडम, ये है शिकंजा," ते म्हणाले. माझ्याशी बोललेच नाहीत.

त्यांनी पट्टी पायाला लावली, शिकंज्याच्या तोंडाखाली पुठ्ठा ठेवला, दांडा पिळून दोन्ही लाकडं करकचून आवळली. आणि मग पेच घातला. फट? केस सरकणार नाही! त्यांचं म्हणणं साधं होतं. पेच दुसऱ्या लाकडात शिरताना आधी त्याला मागे ढकलतो. दोन्ही लाकडं आवळलेली नसली तर मधे जागा राहते, आणि मग तोच पेच ती जागा पकडून बसतो. गुडघ्यानं काय होणार?

"चोर पोलिसांच्या शिकंज्यात" हे पेपरात रोज वाचत मोठा झालेला माणूस मी!

मंजिरीनं ती वस्तू हातात घेऊन फिरवून पाहिली. "अहो, तुमच्या कारखान्यात याला काय म्हणतात?"

"क्लॅम्प," मी म्हणालो.

"आणि तुमच्या खात्याचं काम काय?"

आता काय सांगणार? सुटा भाग मशीनवर आवळून धरणारे क्लॅम्प आखणं, हेच माझं काम. 'क्लॅम्प केल्याशिवाय मशीन चालू करू नये' अशी लाल अक्षरांतली पाटी आमच्या कारखान्यात होती, आणि तिच्याखाली सही माझी होती.

तासाभरात टेबल असं उभं राहिलं की त्यावर बंटीसकट सूद कुटुंब नाचलं असतं. मंजिरीनं इलियासभाईंना बसवलं, पाणी दिलं आणि मला पडलेला प्रश्न विचारला.

"भाईसाहब, सच बताइए. आपको कब पता चला कि ये समझे नहीं?"

इलियासभाईंनी कानावरची पेन्सिल काढली, पुन्हा ठेवली.

"पहले दिन लगा, साहब मेहमाननवाज़ हैं. दूसरे दिन समझ गया, साहब समझे नहीं."

"फिर बताया क्यों नहीं?"

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फार दयेनं पाहिलं, आणि मंजिरीला म्हणाले,

"बहनजी, लू चल रही थी."

मंजिरी हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग तोही सोडून. नोएडाला आल्यापासून ती अशी हसलीच नव्हती. इलियासभाईही हसले, दाढीतला भुसा उडाला.

मी उठलो आणि स्वयंपाकघरात लिंबं चिरायला गेलो.