चंद्रावरची गाडी आणि सुखीबाईचा नारळ

सुखीबाईनं सेवालाल महाराजांना नवस बोलून चंद्रावर जाणारी गाडी थांबवली, अशी कुजबुज आमच्या महागावच्या बाजारात बरेच आठवडे चालली होती. भाजीवाल्या बायका मेथीच्या जुडीआड तोंड लपवून हे बोलायच्या. पुरुष चारचौघांत हसायचे आणि घरी गेल्यावर बायकोला हळूच विचारायचे, "खरं असंल का?" मी स्वतः ही बातमी बऱ्याच जणांना सांगितली, आणि प्रत्येकाला बजावलं की पुढं कोणाला सांगू नको. म्हणूनच ती पार पुसदपर्यंत पोचली.

सुखीबाई म्हणजे आमच्याकडची पाणाडी. जमिनीखालचं पाणी सांगणारी. गावाला लागून असलेल्या बंजाऱ्यांच्या तांड्यात ती सून म्हणून आली, तेव्हा पाणी पाहायचं काम तिचा सासरा करायचा. एकदा तो तापानं पडला आणि वावराचा मालक दारात येऊन बसला. सुखीबाईनं कोपऱ्यातला नारळ उचलला आणि चालू लागली. तिनं टाच रोवली तिथं विहिरीला असं पाणी लागलं की सासऱ्यानं उठून बसल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे सुनेशी बोलणं सोडलं.

तिची रीत ठरलेली. सकाळी वावरात जायचं. आधी बांधाबांधानं नुसतं फिरायचं, मालकाच्या पोरीबाळींची चौकशी करायची, उंबराखाली बसून पान खायचं. मग चपला काढायच्या, सगळ्यांना मागं ठेवायचं आणि तळहातावर नारळ आडवा धरून निघायचं. एका जागी नारळ हळूच उभा राहायचा. बाई टाच दाबून म्हणायची, "इथं." मालकाकडचा चहा घ्यायची तो विहिरीला पाणी लागल्यावरच, आधी नाही.

एका शिकलेल्या मालकानं तिची परीक्षा घ्यायला मुद्दाम खडखडीत सुका नारळ हातात दिला. बाईनं तो कानाशी हलवला आणि परत केला. म्हणाली, "साहेब, आधी ह्याच्यात पाणी पाहून घ्या. वावराचं मंग पाहू." तो माणूस नंतर वर्षभर बाजारात दिसला नाही.

आता चंद्राकडे येतो. बसस्टँडसमोर संघर्षचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. पोरगा हुशार, जगातली प्रत्येक बातमी त्याला आपल्या काकाची असल्यासारखी लागते. परदेशातल्या एका संस्थेनं चंद्रावर पाणी शोधायला एक गाडी तयार केली होती. आत माणूस नाही, आपली आपण चालणार, जमिनीत गिरमिट घालून पाणी हुडकणार. संघर्षनं त्या गाडीचा फोटो मोठा करून दुकानावर लावला. आणि बाकावर टेकलेल्या सुखीबाईला म्हणाला, "मावशी, तुमचा जोडीदार पाहून घ्या. धंदा बसला तुमचा."

बाईनं फोन हातात घेतला आणि पार नाकाजवळ नेला. इकबालभाई म्हणाले, "मावशी, वास घेऊन राह्यली का पाण्याचा?" सगळे हसले. इकबालभाई म्हणजे बोअरच्या गाडीचे एजंट. सुखीबाईनं जागा सांगायची आणि यांनी गाडी आणायची, असं दोघांचं अर्धं आयुष्य गेलेलं.

बाई हसली नाही. फोन परत देऊन म्हणाली, "ज्या दिवशी ह्या गाडीले तिथं पाणी भेटलं, त्या दिवशी मी नारळ खाली ठेवीन. पुन्हा हात नाही लावनार. ऐकलं सगळ्यायनं?"

ऐकलं तर होतंच, वर गावभर केलंही. दोन तट पडले. संघर्षकडचे गाडीवाले, इकबालभाईंकडचे नारळवाले. कटिंगच्या दुकानात गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून वाद व्हायचा की चंद्रावर उंबर नाही, तर मग पाणी कसं असेल. आणि रोज बाजारात आलं की बाई पहिला प्रश्न विचारायची, "गाडी निघाली का रे?" आम्ही एकमेकांना डोळा मारायचो. म्हटलं, म्हातारी घाबरली.

तशी ती घाबरलेली दिसायचीही. तिनं अलीकडं सांगितलेले दोन बोअर कोरडे गेले होते, नुसता फुफाटा. इकबालभाई म्हणायचे, पाणीच खोल गेलं, मावशी काय करणार. शिवाय आता ती एकटी कुठंच जात नसे. सून रंजिता तिचा दंड धरून बरोबर. जिनं सुनेला दहा वर्षं सरळ नावानं हाक मारली नाही, ती आता तिच्याशिवाय उंबरा ओलांडत नव्हती. मी यावरही एक कहाणी रचली होती, ती जाऊ द्या.

मग तो दिवस आला. बाजाराचाच दिवस होता. संघर्ष फोन पाहता पाहता म्हणाला, "रद्द केली."

"कोन्ती? पुसदची?" स्टँडवरच्या एका बाईनं विचारलं आणि पिशवी उचलली.

"चंद्राची."

संघर्षचा चेहरा असा उतरला की त्याच्याच घरात काही झालं असं वाटावं. त्यानं बातमी वाचून दाखवली. खर्च फार झाला, उशीर फार झाला, म्हणून मोहीम बंद. गाडीचे भाग काढून दुसऱ्या कामाला वापरणार.

"पन गाडी तं तयार होती ना?" इकबालभाई म्हणाले. नारळवाल्यांचे पुढारी, पण त्यांच्या हातातला चहा तसाच. "उभी होती ना, चाकासकट? वावरात बोअरची गाडी आनून, पाइप उतरवून, मंग म्हनायचं परत जा?"

"तयार होती," संघर्ष म्हणाला.

"लग्नाच्या मांडवातून नवरदेव उठून गेल्यासारखं झालं हे," न्हावी म्हणाला. त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर येऊन उभं होतं. महिन्याभरापूर्वी ज्यांना त्या गाडीचं नावगाव ठाऊक नव्हतं, ते लोक चक्क सुतकात बसल्यासारखे बसले. हरायला कोणी उरलं नाही, की जिंकण्यातही राम राहत नाही, हे नारळवाल्यांच्या तोंडावर दिसत होतं.

सगळ्यांत वाईट तोंड सुखीबाईचं झालं. रंजितानं तिला बाकावर बसवलं.

"पुन्हा वाच," ती म्हणाली.

संघर्षनं पुन्हा वाचलं.

"आता जानारच नाही?"

"नाही, मावशी."

"दुसऱ्या कोनाची नाही का जात?"

"जाईल कधी तरी. आपल्याले काय मालूम."

बाई तिथंच बसून राहिली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत. मला वाटलं होतं, आता ती आम्हाला चांगलं धुऊन काढील. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

पण गावाला तिच्या तोंडाकडं पाहायला वेळ कुठं होता. दुसऱ्याच दिवशी इकबालभाईंनी डोकं लढवलं. मशीन हरलं, मावशी जिंकली, तर आता तांड्यातल्या अंगणवाडीच्या बोअरची जागा मावशीच सांगणार. ग्रामपंचायतीनं एकाच बोअरची मंजुरी दिलेली. कोरडा गेला तर पोरांनी पुन्हा टँकरची वाट पाहायची. डफडं आणलं, हार आणला, तांड्यातली सगळी माणसं अंगणवाडीसमोर जमली. इकबालभाईंनी स्वतः निवडलेला नारळ तिच्या हातात ठेवला.

"चाला मावशी. दाखवा."

सुखीबाईनं चपला काढल्या. नारळ तळहातावर घेतला. रंजिताचा हात सोडला आणि चार पावलं चालली. डफडं थांबलं. मी आजवर तिला कितीदा तरी पाहिलं होतं, पण इतकी हळू चालताना नाही. ती थांबली, मान वर करून समोर पाहिलं, मग खाली पाहिलं. समोर अंगणवाडीची भिंत होती आणि तिला टेकून पोरं उभी होती.

मग ती वळली, पाय घासत परत पायरीपर्यंत आली आणि तो नारळ तिनं दगडावर आपटून फोडला. पाणी सांडलं. दोन्ही भकलं रंजिताच्या हातात देऊन म्हणाली, "वाट. परसाद हाय."

इकबालभाई पायरीशी धावले. "मावशी, जागा?"

"जागा भूजल खात्याच्या जीपवाल्या साहेबाले इचारा. मी नारळ खाली ठेवला."

"अन् तुम्ही तं जिंकल्या ना?"

"म्हनूनच ठेवला," ती म्हणाली आणि रंजिताच्या दंडाला धरून घरी गेली.

खोबऱ्याचा तुकडा तोंडात धरून लोक उभेच राहिले. नारळ कधी फोडतात, हे तांड्यात आणि गावात सगळ्यांनाच माहीत. नवस पूर्ण झाला की. आदल्या दिवशी चंद्राची गाडी रद्द होते आणि दुसऱ्या दिवशी बाई नारळ फोडून प्रसाद वाटते. संध्याकाळपर्यंत हिशेब जुळला. सेवालाल महाराजांना कोणत्या दिवशी, कोणत्या झाडाखाली नवस बोलला, हेही पाहिलेले लोक निघाले. काही बायकांनी तिच्या दारावरून जाताना लेकरांना पदराखाली घेतलं. संघर्षसारखा संघर्ष, पण तोही मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, मी मानत नाही. पन टायमिंग पाहा ना."

शेवटी मला राहवेना. मी तिच्या अंगणात जाऊन बसलो. ती खाटेवर होती, रंजिता तांदूळ निवडत होती.

"सुखीबाई, लोक म्हणतेत तू गाडी बंद पाडली."

"म्हनू दे."

"तुले वाईट नाही वाटत?"

"जादूवाली म्हनलेलं परवडलं," ती म्हणाली. मग रंजितानं सगळं सांगितलं. सासू मधे मधे "सांग, सांग" म्हणत होती. ऐकता ऐकता मी तोंडातलं पान चघळायचं विसरलो. इतकी वर्षं मी या बाईच्या मागं वावरं तुडवली आणि मला एवढं कळू नये.

उठताना मी विचारलं, "हे मी लिहिलं तं चालंल का?"

"लिही. मी कुठं वाचनार हाय."

भूजलच्या साहेबानं अंगणवाडीची जागा दाखवली. तिथं पाणी लागलं. आता खरं सांगतो. नारळ आपोआप कधीच उभा राहिला नव्हता. तो ती बोटांनी उभा करायची. पाणी ती डोळ्यांनी ओळखायची, उंबर, वारूळ, उन्हाळ्यात टिकलेलं गवत पाहून. काचबिंदूनं तिची नजर गेली होती. दिसत नाही म्हणून काम सोडलं असतं, तर नारळाचं सगळं उघडं पडलं असतं. म्हणून कोणीतरी आपल्याला हरवावं आणि त्या निमित्तानं नारळ हातातून सुटावा, असं तिला वाटत होतं. नवस तिनं खरोखरच बोलला होता. तो गाडी सुखरूप चंद्रावर पोचावी म्हणून होता.